फुकट मिळालेला कोड परत का जातो

मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरे चटकन खुपतात. हिंदी छपाईतल्या ‘ल’चे वळण वेगळे आणि मराठीतल्या ‘ल’चे वेगळे, ‘श’चेही तसेच. संगणकाला हा फरक आपोआप कळत नाही, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, दोन्ही भाषांच्या ‘ल’ला एकच क्रमांक आहे आणि तो पडद्यावर कसा दिसावा हे फॉन्ट ठरवतो. आता समजा, मुंबईतल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला एका मुक्तस्रोत देवनागरी फॉन्टमधला हिंदी वळणाचा ‘ल’ खटकला. तिने दोन रात्री जागून मराठी वळण रेखाटले, जुन्या आकाराच्या जागी ते बसवले आणि हा बदल प्रकल्पाकडे पाठवला. चार दिवसांनी उत्तर आले की आभारी आहोत, पण हा बदल घेता येणार नाही, कारण तो घेतल्यास हिंदी वाचणाऱ्या सगळ्यांचा ‘ल’ बदलेल.

यात दोघेही बरोबर आहेत, आणि खरी गोम तीच आहे. उणीव खरी आहे, पण उपाय चुकला आहे. ओपनटाइप या प्रकारच्या फॉन्टमध्ये भाषेनुसार अक्षराचे वेगळे रूप दाखवण्याची सोय असते. मजकुरावर मराठीची खूण असेल तर एक ‘ल’ दिसतो आणि हिंदीची असेल तर दुसरा. म्हणजे जुना आकार काढून टाकण्याऐवजी त्याच्या शेजारी नवा आकार ठेवून नियम लिहायला हवा होता. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. एकाच लिपीत अनेक भाषा सांभाळताना किती गोष्टींचे भान ठेवावे लागते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते उघडून पाहावेत. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अशा रीतीने सुटू शकतो. कोड नाकारण्यावरून होणारे सगळेच वाद इतक्या सरळपणे सुटत नाहीत, कारण पुष्कळदा दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींचा हिशेब मांडत असतात आणि आपण एकाच गोष्टीवर भांडत आहोत असे त्यांना वाटत असते.

मुळात ‘मुक्तस्रोत’ या शब्दानेच थोडा घोटाळा होतो. मुक्त परवाना आपल्याला कोड वाचण्याचा, वापरण्याचा, बदलण्याचा आणि बदललेला कोड इतरांना देण्याचा हक्क देतो. मूळ प्रकल्पाच्या प्रतीत आपला बदल घातला जावा, असा हक्क मात्र कोणताही परवाना देत नाही. याचे ठळक उदाहरण आपल्या खिशातच असते. जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेले एसक्यूलाइट हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीचे आहे, म्हणजे त्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. तरीही त्याचे निर्माते बाहेरच्या लोकांकडून सहसा कोड घेत नाहीत आणि आमचा स्रोत खुला आहे, योगदान खुले नाही, असे उघडपणे सांगतात. परक्या माणसाचा कोड घेतला की त्याच्या मालकीचा प्रश्नही सोबत येतो, आणि सार्वजनिक मालकीची पाटी निर्मळ ठेवायची असेल तर ती भानगड नको, हे त्यामागचे एक कारण आहे. बहुतेक प्रकल्प इतके कडक नसतात. तिथे कोणीही प्रकल्पाची प्रत घेऊन त्यात बदल करतो आणि ‘हा बदल आपल्याकडे घ्या’ अशी विनंती पाठवतो, जिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. प्रकल्प सांभाळणारी व्यक्ती, म्हणजे मेंटेनर, तो कोड तपासते, शंका विचारते आणि शेवटी तो मर्ज करते, म्हणजे प्रकल्पात सामील करून घेते, किंवा विनंती बंद करते.

मेंटेनर हा शब्द मुंबईकराला खरे तर समजावून सांगावा लागू नये, कारण सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणारा प्रत्येक जण दर महिन्याला ‘मेंटेनन्स’ भरतो. समजा, एखाद्या सभासदाने आईच्या स्मरणार्थ सोसायटीच्या आवारात स्वखर्चाने कारंजे बसवून देण्याची तयारी दाखवली. सर्वसाधारण सभेत लगेच प्रश्न निघतात : पंपाचे वीजबिल कोणाच्या नावावर पडणार, हौद कोण धुणार, पावसाळ्यात डासांच्या अळ्या सापडून महापालिकेची नोटीस आली तर ती कोण घेणार, आणि दहा वर्षांनी हे सभासद फ्लॅट विकून विरारला राहायला गेले तर गळक्या नळ्या कोण बदलणार? देणारा माणूस दुखावतो. लाखभर रुपये आपण पदरचे घालतो आहोत आणि हे लोक वीजबिलाचे बोलत आहेत, असे त्याला वाटते. त्याच्या डोळ्यांपुढे त्याने केलेला खर्च असतो आणि कमिटीच्या डोळ्यांपुढे पुढे करावा लागणारा.

कोडचेही असेच असते. पॅच, म्हणजे असा बदल, पाठवणाऱ्याने त्यासाठी महिनाभर रात्री जागवलेल्या असतात आणि ते श्रम त्याला दिसतात. मेंटेनरला दिसते ते पुढचे : हा कोड पाच वर्षे चालता ठेवायचा आहे, आजूबाजूचे काही बदलले की यालाही हात लावावा लागेल, यात सुरक्षेची भगदाडे निघाली तर दुरुस्ती आपल्यालाच करावी लागेल, आणि एकदा लोकांनी ही सोय वापरायला सुरुवात केली की ती काढणे जवळपास अशक्य होईल. म्हणूनच निर्दोष चालणारा कोडही परत जातो आणि त्यात अन्याय असतोच असे नाही. कधी तो प्रकल्पाच्या दिशेला सोडून असतो, कधी त्यासोबत चाचण्या नसतात, कधी परवान्याचा मेळ बसत नाही, तर कधी एकाच पॅचमध्ये दहा कामे कोंबलेली असल्यामुळे तो तपासणेच कठीण होते. ही किरकोळ कारणे झाली आणि त्यांवर फारसे भांडण होत नाही. भांडण पेटते ते ‘पुढे कोण निस्तरणार’ या प्रश्नावर, आणि तो प्रश्न उघडपणे न बोलता तांत्रिक भाषेत बोलला गेला की अधिकच.

लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. त्याच्या इतिहासातला कॉन कोलिवास यांचा प्रसंग या दृष्टीने मन लावून पाहण्यासारखा आहे. कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले, व्यवसायाने भूलतज्ज्ञ. प्रोग्रॅमिंग त्यांनी आवडीपोटी शिकलेले. कर्नेलचा शेड्युलर हा भाग प्रोसेसरचा वेळ कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायचा हे ठरवतो. एकाच तिकीट खिडकीवर पन्नास माणसे उभी असताना कोणाला कधी पुढे घ्यायचे, असा तो प्रश्न आहे. मोठ्या सर्व्हरवर उत्तम चालणारा शेड्युलर घरच्या संगणकावर गाणे अडखळवतो, हे कोलिवास यांना जाणवले आणि त्यांनी कित्येक वर्षे आपला वेगळा शेड्युलर घडवला. प्रत्येक प्रोग्रॅमला रास्त वाटा मिळाला पाहिजे, हे त्याचे सूत्र होते. २००७ मध्ये तो मूळ कर्नेलमध्ये जाईल अशी अनेकांना आशा असतानाच जुन्या शेड्युलरचे मेंटेनर इंगो मोलनार यांनी त्याच सूत्रावर आधारलेला स्वतःचा नवा शेड्युलर, सीएफएस, थोड्याच दिवसांत लिहून पुढे ठेवला. रास्त वाटपाची कल्पना चालते हे कोलिवास यांनी दाखवून दिले, याचे श्रेय मोलनार यांनी त्यांना दिले, परंतु २.६.२३ या आवृत्तीत गेला तो मोलनार यांचा कोड. कोलिवास यांनी त्याच वर्षी कर्नेलचे काम सोडले.

कल्पना घेतली आणि माणूस बाहेर राहिला, असे या प्रसंगाचे वर्णन करणे सोपे आहे आणि ते अगदीच खोटेही नाही. पण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी निवडीचे जे कारण सांगितले ते ऐकून घ्यायला हवे. आपल्या कोडमुळे अडचण आल्याचे कोणी सांगितले की कोलिवास त्या माणसाशी वाद घालत, त्याच्याबरोबर बसून अडचण सोडवत नसत, अशी त्यांची तक्रार होती. हे कारण कोडच्या गुणवत्तेचे नव्हते, पुढे कोण निस्तरणार याचे होते. हे मूल्यमापन कोलिवास यांच्या बाबतीत न्याय्य होते की नव्हते, यावर आजही दुमत आहे. मला स्वतःला असे वाटते की कसोटी योग्य होती, पण ती आधी कोणी स्पष्ट शब्दांत सांगितली नव्हती. आणि परीक्षा झाल्यावर अभ्यासक्रम सांगितला तर नापास झालेल्याने तो मुकाट्याने मान्य करावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. कोलिवास २००९ मध्ये नवा शेड्युलर घेऊन परतले, मात्र तो मूळ कर्नेलमध्ये घालण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. स्वीकारला गेलेला सीएफएसही कायमचा टिकला नाही; २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीत त्याची जागा दुसऱ्या पद्धतीने घेतली.

नकार पचवणे एकट्यादुकट्या माणसालाच जड जाते असे नाही. अँड्रॉइडसाठी गूगलने ‘वेकलॉक’ नावाची युक्ती केली होती. फोन शक्य तितका वेळ झोपलेला ठेवायचा आणि ज्या प्रोग्रॅमला तो जागा हवा असेल त्याने तसे कुलूप लावायचे, अशी ती योजना होती. बॅटरी वाचवण्यासाठी ती उपयोगी होती, कोट्यवधी फोनमध्ये पुढे ती चालली, तरी कर्नेलच्या मेंटेनरांनी ती घ्यायला नकार दिला. कारण या कुलपांच्या सूचना असंख्य ड्रायव्हरांमध्ये, म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणाऱ्या कोडमध्ये, पेराव्या लागणार होत्या आणि तेच काम अधिक सर्वसाधारण रीतीने व्हावे असा त्यांचा आग्रह होता. कर्नेलच्या कच्च्या विभागात ठेवलेला अँड्रॉइडचा कोड २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीतून काढूनही टाकला गेला, कारण तो तिथे सांभाळायला कोणी उरले नव्हते. पुढे वेगळ्या रचनेतून तीच गरज भागवली गेली आणि २०१२ मध्ये अँड्रॉइडचे बरेच भाग कर्नेलमध्ये परतले. या दोन-अडीच वर्षांच्या ओढाताणीत कोण जिंकले, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. गूगलचे फोन थांबले नाहीत आणि कर्नेलने स्वतःला नको असलेली रचना पत्करली नाही. किंमत मोजली ती दोन वेगळ्या प्रती सांभाळत बसलेल्या अभियंत्यांनी.

मेंटेनरचा नकार नेमका कुठपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न २०२५ च्या सुरुवातीला रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या निमित्ताने उभा राहिला. सी भाषेत लिहिलेल्या लिनक्स कर्नेलमध्ये रस्टला २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून प्रवेश मिळाला आहे. रस्टमधल्या ड्रायव्हरांना मेमरीची एक विशिष्ट सोय वापरता यावी म्हणून एक जोडकोड पाठवण्यात आला. त्या सोयीचे मेंटेनर क्रिस्टोफ हेलविग यांनी त्याला विरोध केला. एकाच प्रकल्पात दोन भाषा मिसळल्या की तो सांभाळणे अशक्य होईल, अशी त्यांची भूमिका होती. मात्र जोडकोड त्यांच्या विभागात ठेवला जाणारच नव्हता, तो त्यांच्या विभागाचा फक्त वापर करणार होता. टोरवाल्ड्स यांनी निवाडा दिला तो असा की आपल्या विभागात रस्ट नको म्हणण्याची मुभा मेंटेनरला आहे, परंतु आपला कोड इतरांनी कशासाठी वापरावा हे तो ठरवू शकत नाही. सोसायटीच्या भाषेत सांगायचे तर आपल्या घरात कोणाला घ्यायचे हे आपण ठरवतो, पण जिना कोणी वापरायचा नाही हे आपण ठरवू शकत नाही. या वादाची झळ दोन्ही बाजूंना लागली. हेलविग त्या विभागाच्या जबाबदारीतून बाजूला झाले आणि ॲपलच्या संगणकांवर लिनक्स आणणारे, रस्टचे पाठीराखे हेक्टर मार्टिन यांनीही कर्नेलमधली मेंटेनरकी सोडली.

अखेरचा शब्द कोणाचा, याची उत्तरे प्रकल्पागणिक वेगळी आहेत. अनेक मुक्तस्रोत प्रकल्प चालवणाऱ्या अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत कोडमधल्या बदलाला नकाराधिकार वापरता येतो, पण त्यासोबत तांत्रिक कारण द्यावे लागते, नाही तर तो नकार धरला जात नाही. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत बरीच वर्षे तिचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांचा शब्द अंतिम होता; २०१८ मध्ये एका छोट्या चिन्हावरून झालेल्या कडवट वादानंतर त्यांनी ते पद सोडले आणि तेव्हापासून पाच जणांची निवडून आलेली समिती निर्णय घेते. त्याच पायथनमधले एक जुने प्रकरण नकार कसा द्यावा याचा धडा म्हणून सांगता येईल. एका वेळी एकच धागा, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एकच प्रवाह, चालू देणारे पायथनचे कुलूप काढावे, ही मागणी जुनी होती. एका धाग्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा वेग कमी होणार नसेल तरच तसा पॅच घेऊ, असे व्हान रॉसम यांनी २००७ मध्येच लिहून ठेवले होते. अनेकांचे प्रयत्न या अटीवर अडले, तरी अट सगळ्यांना ठाऊक होती. शेवटी सॅम ग्रॉस यांच्या कामातून वेगाचे नुकसान सोसण्याजोगे राहील अशी वाट दिसली, २०२३ मध्ये समितीने प्रस्ताव स्वीकारला आणि २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत कुलूप नसलेला पायथन प्रायोगिक रूपात आला. नकार सोळा वर्षे टिकला, पण तो भिंतीसारखा नव्हता. कुठून आत यायचे हे त्यावर लिहिलेले होते.

ज्याला नकार मान्यच नाही त्याच्यासाठी परवान्याने एक दार उघडे ठेवले आहे, आणि ते म्हणजे फोर्क. मराठीत याला फार नेमका शब्दप्रयोग आहे : वेगळी चूल मांडणे. जीसीसी या कंपायलरच्या, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पात नवा कोड फार सावकाश घेतला जातो, या त्राग्यातून काही जणांनी १९९७ मध्ये ईजीसीएस नावाची वेगळी चूल मांडली. ती इतकी चांगली पेटली की १९९९ मध्ये तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता देण्यात आली. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएस या प्रकल्पातून २०१४ मध्ये विभक्त झालेले आयओ.जेएस हे कुटुंबही वर्षभरात पुन्हा एकत्र आले. पण बहुतेक वेगळ्या चुली थोड्याच दिवसांत विझतात, कारण वेगळे निघालेल्याला लगेच कळून चुकते की आता मेंटेनन्स आपल्यालाच भरायचा आहे.

इथवर वाचून मेंटेनरांची बाजू जरा जास्तच घेतली असे कोणाला वाटेल, म्हणून दुसरेही सांगतो. नकार नेहमी कोडकडे पाहूनच दिला जातो असे नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या पुल रिक्वेस्ट तपासल्या तेव्हा स्त्रियांचा कोड एकंदरीत अधिक प्रमाणात स्वीकारला जातो असे दिसले. परंतु प्रकल्पाला अनोळखी असलेल्या आणि प्रोफाइलवरून स्त्री आहे हे ओळखू येणाऱ्या योगदानकर्त्यांच्या बाबतीत ते प्रमाण घसरत होते. शिवाय नकारापेक्षा मौन अधिक अपमानकारक असते. मी एका प्रकल्पाला पाठवलेली अगदी लहानशी दुरुस्ती चौदा महिने कोणी उघडूनही पाहिली नाही आणि मग ‘जुनी झाल्यामुळे’ एका यंत्राने ती आपोआप बंद केली. ‘नको’ असा एक शब्द आला असता तरी मी त्या दिवशी दुसऱ्या कामाला लागलो असतो.

तरीही नाही म्हणण्याची ताकद संपली की काय होते, ते एक्सझेड या प्रकल्पाने दाखवून दिले आहे. फाइल दाबून लहान करणारे हे सॉफ्टवेअर एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ च्या सुमारास काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे तगादा लावला : पॅच पडून आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला घ्या. आपली मानसिक प्रकृती ठीक नाही आणि हे काम बिनपगारी आहे, असे त्याने सांगूनही पाहिले. अखेर ‘जिया तान’ नावाने सातत्याने मदत करणाऱ्या एकाला त्याने अधिकार दिले आणि त्याच नावाने २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनसाठी अर्धा सेकंद जास्त लागतो आहे अशी शंका आली नसती, तर तो चोरदरवाजा जगभरच्या सर्व्हरवर पोहोचला असता. पॅच घ्यायला उशीर होतो म्हणून मेंटेनरवर ओरडणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक अवघड जागा आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतला फॉसी हा उपक्रम विद्यार्थ्यांना मुक्तस्रोत साधनांकडे अनेक वर्षे वळवतो आहे आणि तिथे समजून-उमजून केलेले काम होते. पण प्लेसमेंटसाठी बायोडेटात ‘ओपन सोर्स योगदान’ अशी ओळ हवी म्हणून पाठवल्या जाणाऱ्या पुल रिक्वेस्टही थोड्या नसतात. ऑक्टोबर महिन्यात ठराविक पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्टमध्ये २०२० साली माहितीपत्रात एखादा शब्द वाढवणाऱ्या निरर्थक विनंत्यांचा इतका पूर आला की ज्या प्रकल्पाने सहभाग मान्य केला असेल तिथल्याच विनंत्या मोजायच्या, असा नियम आयोजकांना महिना चालू असतानाच करावा लागला. नाकारलेला प्रामाणिक पॅच आणि नाकारलेली टी-शर्टाची विनंती मेंटेनरच्या एकाच यादीत पडतात, आणि दुसरीने आणलेला वैताग पहिल्याच्या वाट्याला येतो.

कोड लिहून देणारी यंत्रे आल्यापासून हे प्रमाण आणखी बिघडले आहे. पूर्वी पॅच लिहायला तपासण्यापेक्षा जास्त वेळ लागत असे, त्यामुळे देणाऱ्याच्या श्रमांनीच थोडी चाळणी होत असे. आता लिहिणे मिनिटांचे झाले आणि तपासणे मात्र तासांचेच राहिले. जेंटू आणि नेटबीएसडी या मुक्त संगणकप्रणालींच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये यंत्रनिर्मित कोडवर निर्बंध घातले. लिनक्समध्ये २००४ पासून, कोडच्या मालकीवरून झालेल्या खटल्यांच्या पार्श्वभूमीवर, प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते : हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असे पाठवणारा माणूस आपल्या नावानिशी लिहून देतो. ती ओळ यंत्राला भरता येते, पण दोन महिन्यांनी कोणी तक्रार केली तर मेंटेनर खालच्या नावालाच पत्र पाठवतो. काही प्रकल्पांत त्यामुळे आता कोड वाचण्याआधीच पहिला प्रश्न येतो, की हे तुम्ही स्वतः लिहिले आहे का आणि यातली चौथी ओळ का आहे ते सांगाल का.